महागाईचे बिल शेतकऱ्याच्या नावावर का?

(सुकापूर, ता. पनवेल, जि. रायगड येथील बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय महागाई आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीत महागाईवर बोलायचे म्हटले की काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. महागाईची ओरड पगारदाराने करायची आणि शेतमालाचा भाव शेतकऱ्याने मागायचा, अशी कामाची वाटणी त्यांनी करून ठेवली आहे. एकाचे भले झाले की दुसऱ्याचे वाटोळे होते, असे आपल्याला पन्नास वर्षे शिकवले गेले. ही शिकवण खोटी आहे, आणि ती खोटी कशी हे सांगायला सुकापूरइतकी चांगली जागा नाही.

माथेरान रस्त्यावर उभे राहून दोन्ही बाजूंना बघा. जिथे भाताची खाचरे होती तिथे इमारती आहेत. त्या इमारतींत राहायला आलेला माणूस कोण? कोणी नाशिकचा, कोणी जळगावचा, कोणी साताऱ्याचा, कोणी बीडचा. गावाकडे त्याचा बाप नाहीतर भाऊ कांदा पिकवतो, सोयाबीन पिकवतो, आणि हा इथे कांदा आणि तेल विकत घेतो. इथल्या मूळ गावकऱ्याचेही तेच झाले. आजोबांनी भात विकला, नातू तांदूळ विकत आणतो. शेतकरी आणि ग्राहक ही दोन माणसे एकाच घरात, एकाच ताटात जेवतात. मग सरकार जेव्हा म्हणते की ग्राहकासाठी कांद्याचा भाव पाडला, तेव्हा या घराचा फायदा झाला की तोटा? आज आपण हा हिशेब मांडू.

सरकारची महागाई आणि घरची महागाई

सरकार महागाई निर्देशांकाने मोजते. २०१६ मध्ये कायद्यानेच रिझर्व्ह बँकेवर जबाबदारी टाकली की महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, ठेवायची. हा निर्देशांक तेव्हा २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढला जात होता, आणि त्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचे वजन जवळपास ४६ टक्के होते. म्हणजे आकडा खाली आणायचा तर सर्वात सोपा रस्ता कोणता? शाळेची फी सरकार खाली आणू शकत नाही, खासगी दवाखान्याचे बिल उतरवू शकत नाही, घरभाडे उतरवू शकत नाही, पेट्रोलवरचा कर उतरवायची इच्छा नाही. उरला शेतमाल. दिल्लीहून एक अधिसूचना काढली की बंदरावर माल अडतो आणि दुसऱ्या दिवशी लासलगावचा लिलाव कोसळतो. याला एक पैसा खर्च येत नाही. खर्च येतो तो शेतकऱ्याच्या खिशातून.

आता त्याच निर्देशांकात एकट्या कांद्याचे वजन किती होते ते ऐका. शंभर रुपयांत ६४ पैसे! या ६४ पैशांसाठी देशात जेवढा गोंधळ घातला जातो तेवढा उरलेल्या ९९ रुपये ३६ पैशांसाठी कधी घातलेला आम्ही पाहिला नाही.

एका वर्षाची गोष्ट

२०२३ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत कांदा मातीमोल झाला. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. ही बातमी साऱ्या देशाने वाचली. तेव्हा ग्राहक संरक्षणाचे खाते कुठे होते? राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले आणि विषय संपवला.

पाऊस लांबला, माल कमी झाला, भाव जरा वर सरकला. लगेच १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. काही आठवड्यांत बाजार समित्यांतले दर निम्म्याच्या आसपास आले. ही बंदी मे २०२४ पर्यंत चालली. उठली तीही शुल्काची शेपटी ठेवून; ते शेवटचे २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेले. भाव पडतो तेव्हा बाजार स्वतंत्र असतो आणि भाव चढतो तेव्हा बाजार सरकारचा असतो!

हे एका पक्षाचे पाप समजू नका. डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीत दुसरे सरकार होते आणि तेव्हाही निर्यातबंदी झालीच. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीच्या विधानसभेचा निकाल फिरवला, तेव्हापासून प्रत्येक पक्षाने त्याची धास्ती घेतली आहे. सप्टेंबर २०२० चे बघा. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातून कांदा बाहेर काढल्याचा गाजावाजा झाला. त्याच महिन्यात निर्यातबंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा लागली. घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ दुकानदाराला दोन टन. स्वातंत्र्य दिले म्हणाले, आणि पायातली बेडी काढायच्या आधीच दुसरी घातली.

मग स्वस्ताई गेली कुठे?

शेतकऱ्याकडून स्वस्त घेतले तर ग्राहकाला स्वस्त मिळाले का? रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेला हिशेब आहे. ग्राहक कांद्यासाठी एक रुपया देतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याकडे पोहोचतात. टोमॅटोचे ३३, बटाट्याचे ३७. म्हणजे सुकापूरच्या भाजीवाल्याकडे कांदा ५० रुपये किलो असेल तर पिकवणाऱ्याच्या वाट्याला १८ रुपये. उरलेले ३२ रुपये वाहतूक, हमाली, अडत, नासधूस, डिझेल, गाळ्याचे भाडे आणि मधल्या नफ्याचे. निर्यातबंदी घाव घालते तो १८ रुपयांवर. बत्तीस रुपयांना ती हातही लावत नाही.

आपल्या रायगडच्या पिकाचे उदाहरण घेऊ. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, कारण काय, तर देशात तांदूळ स्वस्त व्हावा. सप्टेंबर २०२४ च्या शेवटापर्यंत बंदी होती. मध्येच फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने २९ रुपये किलोने 'भारत तांदूळ' विकायला काढला. का काढावा लागला? सात महिने बंदी घालूनही दुकानातला तांदूळ उतरला नव्हता म्हणून! भात विकणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले आणि तांदूळ घेणाऱ्याचे पैसे वाचले नाहीत.

पनवेलच्या माणसाला तरी ही गोष्ट नवी वाटू नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. मुंबईच्या सामान्य माणसाला परवडणारे घर मिळावे, हे कारण. भाव मागितला म्हणून जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यांच्या रक्तावर साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. २०१३ मध्ये विमानतळाच्या नावाने 'नैना' आली. तिच्या नगररचना योजनेत मालकाला चाळीस टक्के जमीन परत आणि साठ टक्के योजनेत. जमीन शेतकऱ्याकडून स्वस्तात सुटली. घर स्वस्त झाले का? तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या भावाला विचारा. हप्ता भरणाऱ्या बहिणीला विचारा. उन्हाळ्यात टँकरला वर्गणी किती पडते ते सोसायटीच्या चिटणीसाला विचारा. जमिनीचे झाले तेच कांद्याचे झाले, तेच भाताचे झाले. शेतकऱ्याच्या दारातून स्वस्त उचललेली वस्तू गिऱ्हाइकाच्या दारात स्वस्त पोहोचत नाही. मधला फरक कोणाच्या तरी घरी राहतो, आणि ते घर आपल्यापैकी कोणाचेही नसते.

घरचा हिशेब मांडा

चार माणसांचे कुटुंब धरा. महिन्याला पाच किलो कांदा लागतो. भाव वीसवरून पन्नास झाला तर महिन्याचा बोजा वाढला दीडशे रुपये.

त्याच घरातला मुलगा मोटारसायकलवर कामाला जातो, दिवसाला एक लिटर पेट्रोल, महिन्याचे पंचवीस दिवस. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे केले गेले. त्या दराने केंद्राचाच कर झाला ५४७ रुपये ५० पैसे. राज्याचा कर वेगळा. हाच केंद्राचा कर एप्रिल २०१४ मध्ये लिटरला ९ रुपये ४८ पैसे होता. २०२० च्या उन्हाळ्यात जगात कच्चे तेल मातीमोल झाले तेव्हा स्वस्ताई तुमच्यापर्यंत आली नाही. मे महिन्यात कर ३२ रुपये ९८ पैशांवर नेला. कांदा स्वस्त झाला की तोटा शेतकऱ्याचा आणि तेल स्वस्त झाले की नफा सरकारचा.

त्याच घराने वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज काढले आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने आपला दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. घराचे व्याज सातवरून साडेनऊ झाले तर हप्ता महिन्याला सुमारे ३१०० रुपयांनी वाढतो, नाहीतर कर्जाची वर्षे वाढतात. २०२५ मध्ये दर उतरू लागले, पण मधली वर्षे भरलेले पैसे कोणी परत केले नाहीत.

कांद्याचे दीडशे, एका कराचे साडेपाचशे, व्याजाचे एकतीसशे. मोर्चा कशासाठी निघतो? टीव्हीवर कॅमेरा कोणाच्या टोपलीवर लागतो? कांद्याच्या!

गरिबाचे काय?

कोणी विचारेल, कांदा ऐंशी रुपये झाला तर मोलमजुरी करणाऱ्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात खाण्याचा वाटा ४७ टक्के आणि शहरी कुटुंबात सुमारे ४० टक्के निघाला. ज्याची अर्धी कमाई पोटात जाते त्याला भाववाढ चावते, यात शंका नाही. पण गरिबाला मदत करायची ती सरकारी तिजोरीतून. सर्व देशाने कर भरून ती मदत उभी करावी. कांदा पिकवणाऱ्या दोन एकरवाल्यानेच ती भरायची, हा कुठला न्याय? तोही गरीबच आहे. ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रियर या संस्थांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खत-विजेची सगळी अनुदाने धरूनही, सरकारी धोरणामुळे भारतीय शेतकऱ्याला त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे आधार मिळाला. शेतकरी अनुदानावर जगतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. देशाला अनुदान देतो तो शेतकरी.

आणि पिकाचा भाव पाडून गरीब वाचत नाही. दोन रुपयांचा चेक घेऊन आलेला शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो, माल घटतो आणि तोच कांदा पुन्हा ऐंशीवर जातो. आजची बंदी म्हणजे उद्याची महागाई.

आमचे मागणे

आम्ही भीक मागत नाही, माफी मागत नाही. चार गोष्टी सांगतो.

एक, निर्यातबंदी, वाढीव शुल्क, साठ्याची मर्यादा ही हत्यारे सरकारने खाली ठेवावीत. हंगामाच्या मध्यावर नियम बदलायचा नाही.

दोन, भाव फार चढला तर गरीब कुटुंबाला तिजोरीतून थेट मदत द्यावी. सरकारला साठा करायचा असेल तर शेतकऱ्याकडून खुल्या बाजारभावाने घ्यावा.

तीन, ग्राहकाच्या रुपयातले ६४ पैसे जिथे जातात तिथे खर्च कमी करावा. चांगल्या कांदाचाळी, रस्ते, डिझेलवरचा कर, बाजारातल्या कपाती, सारे आले.

चार, जमिनीला बाजारभाव मिळावा आणि ती विकायची की राखायची हे मालकाने ठरवावे.

आणि एक काम तुमच्यासाठी. भाषण ऐकून टाळ्या वाजवून उठू नका. येत्या महिन्यात घरच्या बाईमाणसाने एक वही घालावी. शेतमालाला किती गेले, पेट्रोल-गॅसला किती, हप्त्याला किती, शाळेला किती, औषधाला किती, पाण्याला किती, रोज लिहावे. शेजारच्या इमारतीतल्या भाडेकरूच्या घरीही एक वही द्या. सुकापूर, आदई, आकुर्ली, विचुंबे, नेरे, प्रत्येक गावातून निदान दहा वह्या पुढच्या तालुका बैठकीला आल्या पाहिजेत. त्या वह्या आपण तहसीलदारांच्या टेबलावर ठेवू, आणि महागाईचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे ते त्यांच्यासमोर वाचून दाखवू. त्या दिवशी शेतकरी आणि भाडेकरू एकाच रांगेत उभे असतील, याची तयारी आजपासून करा.