जुनी टॉमीगन विकत घेतांना



आजच्या भाषणाचा मथळा ऐकून आपल्यांपैकीं कित्येकांचा हात रेडिओच्या खुंटीकडे गेला असेल, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाहीं. जुनीं नाणीं, तांब्यापितळेचीं भांडीं, पैठण्यांचे पदर, फार झालें तर भिंतीवर एखादी गंजलेली तलवार, एवढ्यावर आपल्याकडील संग्राहकांची हौस भागते. मिनिटाला सातआठशें गोळ्या ओकणारें यंत्र पैसे देऊन घरांत आणावें, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. शिवाय कायदाहि आड येतो. आपल्या देशांतील १९५९ च्या शस्त्रकायद्यानें स्वयंचलित बंदूक निषिद्ध ठरविली आहे. ती सामान्य नागरिकाला बाळगतां येत नाहीं. तेव्हां मी जें सांगणार आहें तें अमेरिकेंतलें आहे आणि तेथील रहिवाशांपुरतेंच आहे, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें.

मग तें येथें कां सांगावयाचें? कारण असें झालें कीं, गेल्या वर्षीं पेनसिल्व्हेनियाहून माझ्या भाच्याचें पत्र आलें. तो तेथें वीसपंचवीस वर्षें आहे व तेथलाच नागरिक झाला आहे. “मामा, मी टॉमीगन घेत आहें. तुमचा जन्म लोखंडांत गेला. काय पाहून घेऊं तें कळवा.” चार दिवसांनीं त्याच्या पत्नीचें वेगळें पत्र आलें. त्यांत एवढेंच होतें : “मामा, पैसे मुलीच्या कॉलेजसाठीं ठेवलेले आहेत. तुमचें ते ऐकतात.” मीं स्वतः त्याच प्रांतांतील एका यंत्रशाळेंत तीस वर्षें काढलीं, आणि असल्या बंदुका हातीं धरून पाहिल्या आहेत. दोन्ही पत्रांना एकच उत्तर लिहावें लागलें. त्या उत्तराचाच हा थोडा विस्तार आहे.

भाच्याची हौस निव्वळ पोरकट नव्हती. त्याचे आजोबा मराठा पलटणींत हवालदार होते व दुसऱ्या महायुद्धांत इटलींत लढले. त्यांच्या हातीं हीच बंदूक होती. याच पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीच्या कांठीं जो पराक्रम केला, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी साथीदारांना त्यांनीं मरणाच्या तोंडांतून वाहून आणलें, मग एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, आणि हाताला जखम होऊन गोळी झाडतां येईना तेव्हां टॉमीगन फेकून देऊन हातबॉम्बांनीं पुढील ठाणीं उडविलीं. अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हातीं हें अमेरिकन यंत्र कसें आलें, ही कथाच मोठी विलक्षण आहे.

जॉन थॉम्सन हा अमेरिकन सैन्याच्या शस्त्रखात्यांतील निवृत्त ब्रिगेडियर जनरल. पहिल्या महायुद्धांतील खंदकांची लढाई पाहून, एका माणसाला कमरेशीं धरून झाडतां येईल व खंदक झाडूनें साफ केल्यासारखा साफ करील असें शस्त्र त्याला हवें होतें. तें तयार झालें तोंवर युद्ध संपलें. ‘सबमशीनगन’ हा शब्दहि त्याच्याच कंपनीनें रूढ केला. हार्टफर्ड येथील कोल्टच्या कारखान्यांत १९२१-२२ मध्यें अशा १५,००० बंदुका करून घेण्यांत आल्या. पण गिऱ्हाईक मिळेना. १९३९ सालींहि त्यांतील हजारों नग पडूनच होते. जीं गिऱ्हाइकें मिळालीं त्यांतील थोडींच, पण अत्यंत गाजलेलीं, म्हणजे शिकागोचे दारूविक्रे गुंड. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं तेथील एका गॅरेजमध्यें सात माणसें भिंतीशीं उभीं करून मारण्यांत आलीं, तीं मुख्यतः दोन टॉमीगननीं. पुढें दुसरें महायुद्ध आलें, आणि युटिका व ब्रिजपोर्ट येथील कारखान्यांतून पंधरा लाखांच्या आसपास बंदुका बाहेर पडल्या. १९३९ मध्यें २०९ डॉलरांस पडणारी बंदूक रचना सोपी करतां करतां १९४४ पर्यंत ४५ डॉलरांवर आली.

मग पंचेचाळीस डॉलरांच्या वस्तूसाठीं आज मोटारीएवढी किंमत कां मोजावी लागते? याचें उत्तर पोलादांत नाहीं, कायद्यांत आहे.

१९३४ च्या संघराज्याच्या कायद्यानें प्रत्येक मशीनगनची सरकारदरबारीं नोंद आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर ठेवला. त्या वेळीं बंदुकीची किंमतहि जवळजवळ तेवढीच होती; कर म्हणजे अप्रत्यक्ष बंदीच. आज तो कर तेवढाच आहे, आणि या व्यवहारांत तीच सर्वांत किरकोळ रक्कम आहे. १९६८ मध्यें नोंद नसलेल्या बंदुका निर्धास्तपणें नोंदविण्यासाठीं २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी मुदत दिली गेली. ती एकदांच. नंतर १९ मे १९८६ रोजीं दार बंद झालें : त्या तारखेपूर्वीं कायदेशीर नोंदलेल्या मशीनगनच तेवढ्या खाजगी माणसांत विकतां येतात. त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास धरतात. ती वाढणें शक्य नाहीं. आगींत, पुरांत, गंजानें घटूं मात्र शकते. गिऱ्हाईक वाढत आहे, माल वाढत नाहीं. हा बाजार कायद्याच्या एका कलमावर उभा आहे, आणि उद्यां तें कलम बदललें तर किंमत कोठें जाईल तें कोणी सांगूं शकणार नाहीं. म्हणून, ‘हा गुंतवणुकीचा मार्ग आहे’ असें जो विक्रेता पहिल्याच भेटींत सांगतो, त्याच्याशीं दुसरी भेट ठेवूं नये असें मीं भाच्याला लिहिलें.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. बंदूक हातीं घेण्यापूर्वीं कागद हातीं घ्यावा. नोंदणीच्या कागदावरील क्रमांक आणि बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावरील, ज्याला तेथें रिसीव्हर म्हणतात त्यावरील, क्रमांक अक्षर-न्-अक्षर ताडून पाहावा. युटिकाच्या पुष्कळ बंदुकींच्या आंकड्यांपूर्वीं ‘एस’ असतो, ब्रिजपोर्टच्या पुष्कळांच्या ‘ए. ओ.’. कागदावर हें अक्षर गळलें असेल, एखादा आंकडा चुकला असेल, तर ‘एवढ्याशा चुकीनें काय होतें’ असें म्हणूं नये. ती चूक विकणाऱ्याकडून आधीं दुरुस्त करवावी. कायद्याच्या दृष्टीनें हा सांगाडा म्हणजेच बंदूक. नळी, दस्ता, स्प्रिंगा सर्व बदलतां येतात, पण तो मोडून निकामी झाला तर दुसरा नवा बसवितां येत नाहीं.

त्यानंतर तो सांगाडा आंतून पाहावा, आणि चांगल्या उजेडांत पाहावा. युद्धानंतर पुष्कळशा बंदुका कापून भंगारांत काढल्या गेल्या व कांहींचे तुकडे पुढें वेल्डिंगनें पुन्हा जोडले गेले. १९८६ पूर्वीं जोडून रीतसर नोंदलेली अशी बंदूक बेकायदेशीर नसते, पण अखंड बंदुकीच्या किंमतीला ती घेणें हा मूर्खपणा आहे. बाहेरून जोड घासून नाहींसा करतां येतो. आंतल्या बाजूस पोलादाचा रंग व पोत बदललेला, रेषा किंचित् सरकलेली, बोटाला जाणवते. डोळ्यापेक्षां बोटावर विश्वास ठेवा, असें आमचा जुना फोरमन म्हणत असे. कोल्टच्या बंदुकीवरील मूळची निळी झिलई हा तिचा दागिना. नव्यानें पॉलिश करून निळी केलेली बंदूक अधिक देखणी दिसते व कमी किंमतीची असते, हें नवख्याला पटत नाहीं. कोरीव अक्षरांच्या कडा पाहाव्या : मूळच्या झिलईंत त्या धारदार असतात, पुन्हा घासलेल्यांत वितळल्यासारख्या बोथट होतात.

नौदलाला दिलेल्या बंदुकींवर १९२१ मधल्या शेवटच्या एकावर आठाचा ठसा मारून १९२८ केलेलें असतें. ही खाडाखोड पाहून भाचा दचकला होता. ती कारखान्यांतलीच आहे, आणि संग्राहक तिला जास्त पैसे देतात! उलट, खालचा मुठीचा भाग एका क्रमांकाचा व सांगाडा दुसऱ्या क्रमांकाचा असेल, तर कोल्टच्या बंदुकींत तो मोठा दोष. युद्धकाळच्या बंदुकींत मात्र लष्करी कार्यशाळांनीं असे भाग सर्रास मिसळले असल्यानें त्याचें फारसें वैषम्य वाटूं देऊं नये. १९७५ नंतर न्यूयॉर्क राज्यांतील वेस्ट हर्ली येथें केलेल्याहि टॉमीगन आहेत. त्या सर्वांत स्वस्त. पण ज्याला आजोबांच्या हातांतली बंदूक हवी आहे त्याला त्यांत समाधान नाहीं. ‘ही खुद्द अमक्या गुंडाची’ वगैरे कथा ऐकाव्या, चहा घ्यावा, आणि किंमत फक्त लोखंडाची ठरवावी.

राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत, हें पुष्कळांना उशिरां कळतें. युटिका न्यूयॉर्क राज्यांत आहे, आणि तेथें घडलेली ही बंदूक त्याच राज्यांत सामान्य नागरिकाला घरीं ठेवतां येत नाहीं! नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर तेथें राहणाऱ्या आपल्या तरुणांनीं तर, कांहीं अपवाद सोडल्यास, कोणत्याहि बंदुकीच्या वाटेस जाऊं नये. त्यांच्यासाठीं तो गुन्हा ठरतो. पेनसिल्व्हेनियांत मनाई नाहीं. बोटांचे ठसे व छायाचित्र जोडून अर्ज करावयाचा, आणि मंजुरी येईपर्यंत पैसे दिलेली बंदूक विक्रेत्याच्याच तिजोरींत राहावयाची. घरीं आल्यावरहि, नोंद एकट्याच्या नांवावर असेल तर त्याच्या गैरहजेरींत तिजोरीची किल्ली पत्नीच्या हातीं असूं नये. म्हणून कित्येकजण विश्वस्तनिधि स्थापून त्याच्या नांवें खरेदी करतात. ज्या घरांत तीस वर्षें सगळ्या किल्ल्या बायकोच्या कमरेला आहेत, तेथें हा मुद्दा नीट समजावून सांगावा लागतो.

एक प्रसंग सांगतों. आमच्या शेजारीं एक वृद्ध विधवा राहत असे. पति वारल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेंत तिला एक जर्मन सबमशीनगन सांपडली. त्यानें युद्धावरून येतांना आणलेली. सोबत लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचा, ‘ही लुटींतील वस्तु घरीं नेण्यास हरकत नाहीं’ अशा अर्थाचा, पिवळा पडलेला कागद. बाईंना वाटलें, हीच नोंद. ती नोंद नव्हे. १९६८ चा तो एक महिना त्यांच्या पतीनें कां दवडला, कोण जाणें. बातमी कशी फुटली ठाऊक नाहीं, पण एक गृहस्थ रोख पैसे घेऊन दारांत आला : कागदांची काळजी नको, भाव अर्धा. बाईंना पैशांची गरज होती. त्यांनीं मला विचारलें, आणि मीं त्यांना वकिलाकडे नेलें. नोंद नसलेली बंदूक घेणारा आणि देणारा, दोघांनाहि दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊं शकतो, हें त्यानें शांतपणें सांगितलें. मागाहून नोंदविण्याचा मार्ग नव्हता. वकिलानेंच पोलिसांशीं बोलून ती सुपूर्द करविली. नेण्यापूर्वीं त्या तरुण पोलिसानें बंदुकीचा चामडी पट्टा सोडवून बाईंच्या हातीं दिला. पट्ट्याला कायदा लागू नव्हता. अर्ध्या भावाच्या मोहांत पडूं नकोस, हें मीं भाच्याला लिहिलें तें हा पट्टा डोळ्यांपुढें ठेवून.

शेवटीं पैशांविषयीं मीं त्याला एकच अट घातली : मुलीच्या नांवच्या रकमेला हात लावावयाचा नाहीं. त्यासाठीं तीनचार वर्षें थांबावें लागलें तर थांब. बंदूक ऐंशी वर्षें थांबली आहे. आणि मृत्युपत्रांत तिचा उल्लेख कर. कायदेशीर वारसाला ती कर न भरतां मिळते, पण अर्ज करावाच लागतो, आणि तो करावयाचा असतो हें वारसाला ठाऊक असावें लागतें.

परवां त्याचें पत्र आलें. कोल्टचा नाद त्यानें सोडला आहे. युटिकाची, ‘एस’ अक्षराची, झिलई उडालेली एक बंदूक त्यानें पाहून ठेवली, आणि तिच्यासाठीं आपली दुसरी मोटार विकली. अर्ज गेला आहे, मंजुरी यावयाची आहे. खालीं सूनबाईंच्या अक्षरांत दोन ओळी आहेत : मुलीची फी भरली, आणि आतां यांना रोज कामावर मीच सोडतें.