डिझेल गाडी : ॲव्हरेज पाहा, हिशेबही मांडा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)

पिकांवरचे व्याख्यान संपले की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो, "सर, गाडी घ्यायची आहे. डिझेल घेऊ की पेट्रोल?" मी मोटारींचा तज्ज्ञ नाही. परंतु आपण पिकाचा खर्च जसा एकरी काढतो, तसा गाडीचा खर्च किलोमीटरमागे काढता येतो.

डिझेल गाडी ॲव्हरेज जास्त देते, हे खरे आहे. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे १० ते १५ टक्के ऊर्जा अधिक असते. शिवाय डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते, त्यामुळे त्या ऊर्जेचा अधिक भाग कामी येतो.

आता हिशेब मांडू. समजा, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला अनुक्रमे साडेसहा व साडेचार रुपये खर्च. बचत २ रुपये. पण डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ही जादा रक्कम फिटायला ७५ हजार किलोमीटर चालावे लागते. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे ३ वर्षांत फिटतात; १० हजार फिरणाऱ्याला साडेसात वर्षे लागतात. कर्जाचे व्याज वेगळेच. आपापले आकडे घालून हा हिशेब घरी करावा.

दुसरी गोष्ट गाळणीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. माझे घर ते प्रक्षेत्र अंतर अवघे ३ किलोमीटर. ॲव्हरेजच्या मोहाने मी डिझेल गाडी घेतली आणि वर्षभरात गाळणी तुंबली. वाचवलेले पैसे दुरुस्तीत गेले. घर ते मळा एवढीच ये-जा असेल, तर माझी चूक आपण करू नये.

तिसरे, ट्रॅक्टरच्या सवयी गाडीला लावू नका. ड्रममधल्या डिझेलात पाणी व कचरा असू शकतो; त्याने इंजेक्टर खराब होतात. काही गाड्यांत युरियाचे द्रावण भरावे लागते. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी यांचे असते. खताच्या पोत्यातील युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. तो पाण्यात विरघळवून टाकीत कधीही ओतू नका.

तेव्हा गाडी घेण्यापूर्वी महिनाभर आपले फिरणे वहीत लिहा. रोज दूरच्या बाजारपेठेत जाणाऱ्याने डिझेल गाडीचा अवश्य विचार करावा. फिरणे थोडे असेल, तर तोच दीड लाख ठिबक संचासाठी राखून ठेवावा.