एका घाटाची अनेक चित्रं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



परीक्षा संपल्या की गल्लोगल्ली छंदवर्गांचे फलक लागतात, पण ते सगळे मुलांसाठी. साठीच्या माणसानं स्वतःसाठी रंगपेटी मागितली की दुकानदार नातवाचं वय विचारतो. मोठ्या माणसाला छंद असू शकतो हे आपल्याला पटतं. पण त्यात तो पुढे काही मिळवणार नसेल, प्रदर्शन भरवणार नसेल, तर त्यानं तो का करावा, हे कोडं काही सुटत नाही. आज मला नेमकं त्याविषयी बोलायचं आहे. ज्यांचा चित्रकलेशी शाळेनंतर संबंध तुटला, त्यांनी पुन्हा चित्र काढावं. आणि शक्य असेल तर चारचौघांत बसून, एकच वस्तू समोर ठेवून काढावं. एकट्यानं काढण्यातही आनंद आहे, पण चारचौघांत काढताना जे हाती लागतं, ते नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला कुठेच मिळालं नव्हतं.

आमचा एक लहानसा गट आहे. त्यात सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, प्राथमिक शाळेतल्या एक बाई आहेत, औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे, कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. रविवारी सकाळी कुठेतरी जाऊन बसायचं, समोर दिसेल ते काढायचं आणि उठण्यापूर्वी सगळ्या वह्या जमिनीवर एका रांगेत मांडायच्या. ही रीत आम्ही शोधलेली नाही. गॅब्रिएल कांपानारिओ या वृत्तपत्रात काम करणाऱ्या चित्रकारानं २००७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमधून ‘अर्बन स्केचर्स’ची चळवळ सुरू केली आणि आज जगभरच्या शहरांत असे गट आहेत. फोटोवरून काढायचं नाही, जागेवर बसूनच काढायचं, एवढाच त्यांचा मुख्य नियम.

एकदा आम्ही वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसलो होतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. निदान ‘स्वदेस’ सिनेमात तरी पाहिला असेल. नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णेला उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ. आणि ती घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर तिकडच्या चर्चमधून आलेली.

वह्या मांडल्या तेव्हा मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. काकांनी प्रत्येक पायरी मोजून काढली होती, दगडांचे सांधे जिथल्या तिथे होते; त्यांच्या घाटावर माणूस एकही नव्हता. बाईंच्या पानावर घाट म्हणजे दोन-तीन आडव्या रेघा, आणि त्यावर धुणं आपटणाऱ्या बायका, पाण्यात उतरायला बघणारं पोर आणि त्याचं बखोट धरून ओढणारी आजी. मुलीनं घाट घेतलाच नव्हता. पानभर फक्त घंटा होती, तिच्या कडेवरचा हिरवट गंज होता आणि आतल्या अंधारासाठी पेन्सिल इतकी घासली होती की कागद चमकत होता.

औषधांच्या दुकानातल्या तरुणानं जलरंग वापरले होते. घाटावरच्या झाडाला तांबूस पालवी फुटली होती, पण त्याच्या चित्रात सगळं झाड एकाच शेवाळी रंगाचं. कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, पालवी लाल आहे की!’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘असेल. मला ती वेगळी दिसत नाही.’’ लाल आणि हिरवा त्याला नीट ओळखता येत नाहीत, हे त्याला नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत कळलं होतं. तो रंग घेतो तो ट्यूबवरचं नाव वाचून.

मग काकांनी त्याची वही उचलून डोळ्यांजवळ नेली. त्याच्या चित्रात पाण्यालगतची भिजलेली पायरी, तिच्यावरची अर्धवट वाळलेली आणि वरची उन्हात तापलेली पायरी, अशा तीन छटा अगदी स्वच्छ दिसत होत्या. देवळाची सावली पायऱ्यांवरून मोडत-मोडत उतरली होती. आमच्यापैकी एकालाही ते साधलं नव्हतं, कारण आम्ही निळं-तपकिरी-हिरवं यातच गुंतलो होतो. रंगावर विसंबता येत नसल्यामुळे त्याची नजर उजेड-अंधारावर पक्की बसली होती. डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे रंग मागे पडतात आणि गडद-फिकं पुढे येतं, ही युक्ती चित्रकलेच्या पुस्तकांत असते. आम्ही ती त्याच्याकडून शिकलो.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन स्वतः असाच होता. जिरॅनियमचं फूल त्याला दिवसा आकाशासारखं निळं दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. इतरांना विचारलं तर त्यांना असा बदल दिसत नव्हता. त्याच्या सख्ख्या भावाला मात्र दिसत होता. त्यानं १७९४ मध्ये मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातल्या द्रवाचा रंगच निळसर असावा, असा त्याचा अंदाज होता, म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत असं त्यानं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो वारला. तपासणीत द्रव स्वच्छ निघाला. ते डोळे जपून ठेवले गेले आणि १९९५ मध्ये त्यांतल्या डीएनएवरून कळलं की मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारं रंगद्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा असा काही ना काही घोळ असतो. फ्रान्समधला शार्ल मेरियों हाही त्यांतलाच. रंगीत चित्रं आपल्याला जमायची नाहीत हे ओळखून तो धातूच्या पत्र्यावर कोरून छापायच्या चित्रांकडे वळला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं जुनं पॅरिस त्यानं काळ्या-पांढऱ्यात असं उभं केलं की आजही त्या शहराचा विषय निघाला की त्याचं नाव घ्यावं लागतं.

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो. माणसांतला फरक हा दोषच समजला की काय होतं, ते या गोष्टीत आहे. ग्रिनिचच्या वेधशाळेत डेव्हिड किनब्रुक नावाचा सहायक होता. दुर्बिणीत बारीक तारा ताणलेल्या असत. आकाशातला तारा त्या ओलांडतो तो क्षण टिपायचा असे. डोळा दुर्बिणीला आणि कान घड्याळाच्या टिकटिकीकडे. दोन ठोक्यांच्या मध्ये तारा नेमका कुठे होता याचा सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज करायचा. किनब्रुकच्या नोंदी त्याचे वरिष्ठ मॅस्केलिन यांच्यापेक्षा सतत थोड्या उशिराच्या येऊ लागल्या. समज देऊनही फरक कमी होईना, उलट ०.८ सेकंदापर्यंत गेला. १७९६ मध्ये त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आलं.

किनब्रुक १८०२ मध्ये वारला. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात ही हकिगत आली आणि त्याच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्यानं नावाजलेल्या निरीक्षकांच्या शेजारी बसून तेच तारे टिपले. प्रत्येक जोडीत फरक निघाला, आणि कुणीही त्यांच्यावर हलगर्जीचा आरोप करू शकत नव्हतं. पाहणं आणि ऐकणं यांची सांगड प्रत्येकाच्या मेंदूत वेगळ्या गतीनं बसते, हे तिथून पुढे आलं. खगोलशास्त्रज्ञांनी निरीक्षकागणिक दुरुस्ती करायला सुरुवात केली आणि मनाचा वेग मोजण्याच्या शास्त्राला त्यातून चालना मिळाली. जो फरक किनब्रुकच्या पोटावर आला, तोच पुढे ज्ञान ठरला. त्याला स्वतःला मात्र हे कधी कळलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण असे किनब्रुक आपल्या कचेऱ्यांत, वर्गांत आणि घरांतही असतात. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असं आपण उठता-बसता म्हणतो, आणि समोरच्याची प्रकृती आपल्याहून निराळी निघाली की तिथंच बोट ठेवतो.

शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असायचा, तो आठवतो ना? बाजाराचा देखावा किंवा खेळणारी मुलं, नुसतं आठवून काढायचं. काही मुलं वस्तुचित्र सुंदर काढायची आणि या पेपरला कागदाकडे बघत बसायची. ‘डोळे मिट आणि आठव’ असं त्यांना सांगितलं जाई. डोळे मिटल्यावर काहींना चित्र दिसतच नाही, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. फ्रान्सिस गाल्टननं १८८० मध्ये लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा आणि काय दिसतं ते सांगा. कुणाला सगळं लख्ख दिसत होतं, कुणाला अंधुक, आणि काही विद्वानांना काहीच नाही. मनश्चक्षू हा बोलण्याचा अलंकार आहे अशीच त्यांची समजूत होती. २०१५ मध्ये ॲडम झेमन यांनी या स्थितीला ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही. आयुष्यभर चित्रांच्या दुनियेत वावरलेला माणूस! त्या पेपरला गप्प बसलेल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी. जन्म १९०४ चा, लहानपणापासून एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं फार जवळचं दिसे. तरी १९४६-४७ मध्ये त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भव्य भित्तिचित्र रंगवलं. एवढी मोठी भिंत, आणि एका वेळी तिचा हातभर तुकडाच नजरेत मावणार. बाकी सगळं बोटांना आणि मनाला ठाऊक असायला हवं. पन्नाशी ओलांडल्यावर एका शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर ते कागद कापून आकार चिकटवू लागले, मेणाच्या लहान मूर्ती करू लागले, शिकवत राहिले, आठवणी लिहीत राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. तो जरूर पाहा. त्यातले त्यांचे हात पाहा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळीच चित्रं सारखीच चांगली का? नाही. हे मला ठामपणे सांगायचं आहे, कारण ‘सगळं छानच आहे’ म्हणण्यात समोरच्याकडे नीट न बघण्याचा आळस असतो. माझी पायरी तिरकी गेली तर ती तिरकी आहे, आणि काका मला ती दुरुस्त करायला सांगतात ते बरोबरच आहे. यथार्थदर्शन शिकता येतं, रंग मळू न देणं शिकता येतं, आणि हात थोडा वळल्याचा जो आनंद असतो त्याला तोड नाही. पण बाईंनी माणसं सोडून दगड मोजावेत किंवा काकांनी आजी-नातवंडं काढावीत, असा आग्रह धरला तर दोघंही पेन्सिल खाली ठेवतील. कुठली गोष्ट चूक आणि कुठली त्या माणसाची, हे ओळखायला त्याच्या शेजारी बसावं लागतं. लांबून ते कळत नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. वह्या मांडल्यावर ज्याचं चित्र आहे त्यानं आधी बोलायचं: मी काय बघत होतो, कुठे अडलो. बाकीच्यांनी त्यानंतर. यामुळे बाईंना काकांच्या पायऱ्यांत रस वाटू लागला. काकांच्या अलीकडच्या चित्रांत, अगदी कोपऱ्यात का होईना, माणसं येऊ लागली आहेत. औषधांच्या दुकानातला तरुण पालवी काढायच्या आधी मुलीला रंग विचारतो. कधी तिनं सांगितलेला लावतो, कधी मुद्दाम स्वतःला दिसतो तो.

ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं. सामान फार लागत नाही: एक वही, टूबी पेन्सिल आणि बसायला काहीतरी. चित्र येत नाही असं वाटत असेल तरी या. पुढच्या रविवारी आम्ही भाजी मंडईत बसणार आहोत. सकाळी लवकर, गाड्या उतरवतात त्या वेळी.