‘कॉन्सिक्वेन्स’ म्हणजे पाठोपाठ येणारे



मुलांच्या इंग्रजी पुस्तकात ‘कॉन्सिक्वेन्स’ असा शब्द येतो. डिक्शनरीत अर्थ मिळतो, परिणाम. मुलं पाठ करतात आणि पुढे जातात. पण हा शब्द जरा फोडून पाहू या.

मूळ शब्द लॅटिन भाषेतला. ‘कॉन’ म्हणजे सोबत आणि ‘सेक्वी’ म्हणजे मागून जाणे. फ्रेंच भाषेतून तो चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. पहिल्याच्या मागून येतो तो ‘सेकंड’, हाही त्याच घरातला. संस्कृतमधला ‘सच्’ धातू त्याचाच भाऊबंद. त्यावरून ‘सचिव’, म्हणजे सोबत असणारा. तेव्हा परिणाम म्हणजे कृतीच्या पाठोपाठ येणारे. धम्मपदाच्या सुरुवातीलाच बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकाची उपमा आहे, ती हेच सांगते.

आता बघा, जे पाठोपाठ येतं ते कपाळावर आधीच लिहिलेलं कसं असेल? आपल्या बापजाद्यांना सांगितलं गेलं की, गेल्या जन्मी पाप केलंत म्हणून या जन्मी गावकुसाबाहेर राहा. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ही शिकवण खोडून काढली. गरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, हाच तिचा हेतू, असे त्यांनी दाखवून दिले. गावाबाहेर घातलं ते माणसांनी. कारण इथलं, तर उपायही इथलाच!

म्हणून त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला, आजचे मिलिंद, ही कॉलेजे निघाली. त्यामागून घरोघरी पदवीधर झाले. हा नशिबाचा खेळ नव्हता.

तरी आजही एखादी माउली म्हणते, “माझं नशीबच फुटकं.” माउली, नशीब नाही, पगाराच्या दिवशी घरात आलेली बाटली बघ. मुलीची शाळा सोडवली तर त्यामागून काय येईल, तेही बघ. आणि आजारपण आलं तर गेल्या जन्मीचं पाप शोधू नका, डॉक्टर गाठा.

बालमित्रांनो, हा शब्द परीक्षेत लिहाल तेव्हा अर्थ ‘परिणाम’च लिहा, मार्क मिळतील. पण घरी कुणी नशिबाला दोष दिला, तर नम्रपणे एवढंच विचारा, “याच्या आधी काय घडलं होतं?”

नमो बुद्धाय! जयभीम!