जागच्या जागी टिपलेला फोटो

वसंतात फुलाचा जवळून फोटो घेताना पाकळीवरचा खेकडा कोळी हमखास नजरेतून सुटतो. तो जाळं विणत नाही. पुढच्या पायांच्या दोन लांब जोड्या फैलावून मधमाशीची वाट पाहतो. काही जातींच्या माद्या तर फुलाप्रमाणे पांढऱ्याच्या पिवळ्या होतात, त्यालाही दिवस लागतात. म्हणूनच असा जीव उचलून, फ्रिजमध्ये गारठवून सोयीच्या फुलावर ठेवणं मला साफ गैर वाटतं. फोटो देखणा येईल, पण कोण कुठं राहतं हा पुरावाच खोटा ठरेल. पण जागच्या जागी असे जीव हलतात, मग फोटो स्पष्ट यायचा कसा? शंका रास्त आहे. इतक्या जवळून फोकस जेमतेम मिलिमीटरभर खोलीत टिकतो. पण कीटकांच्या आणि कोळ्यांच्या अंगातली ऊब बहुतांशी हवेवर अवलंबून असते. उन्हं चढण्याआधी ते सुस्त असतात. तेव्हा कॅमेरा त्यांच्या पातळीला आणून थेट डोळ्यांवर फोकस साधावा.