डबा, पावती आणि बदनामी



सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या खांडबाऱ्यासारख्या गावात जिमचं नाव तोंडोतोंडी होतं आणि तोंडोतोंडीच जातं. ‘त्याच्याकडची पावडर डुप्लिकेट आहे’, ‘तो पोरांना इंजेक्शन टोचतो’, एवढं एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलं की पुढच्या महिन्याची फी आलीच म्हणून समजू नये. बोलणारा कधी खरं सांगत असतो. कधी त्यानंच पलीकडच्या गल्लीत नवी जिम टाकलेली असते. या दोघांना वेगळं कसं काढायचं, हा न्यायालयांपुढचा जुनाच प्रश्न आहे. प्रोटीनच्या डब्यानं तो नव्यानं उभा केला.

‘डॉक्टर्स चॉइस’ या नावानं सप्लिमेंट विकणारी सॅन न्यूट्रिशन ही कंपनी काही यूट्यूबरांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डब्यावर लिहिलंय तेवढं प्रोटीन आत नाही, असं त्यांनी व्हिडिओत म्हटलं होतं, तेही चांगल्या झणझणीत भाषेत. बदनामी, मालाची निंदा, ट्रेडमार्कचा भंग असे सगळे आरोप कंपनीनं लावले. २८ एप्रिल २०२५ रोजी न्या. अमित बन्सल यांनी व्हिडिओ हटवण्याचा अंतरिम आदेश नाकारला. कारण बोलणाऱ्यांच्या हातात प्रयोगशाळेचे अहवाल होते. खटल्याचा शेवटचा निकाल तो नव्हे; पण भाषा बोचरी आहे एवढ्यावरून तोंड बंद करता येत नाही, हे त्यातून दिसलं.

मुंबई उच्च न्यायालयातलं ‘पॅराशूट’ खोबरेल तेलाचं प्रकरण याच्या उलट गेलं. एका यूट्यूबरनं तेल फ्रीजमध्ये गोठवून, कोल्ड-प्रेस्ड तेलाशी त्याची तुलना करून दर्जा हलका ठरवला होता. जानेवारी २०२० मध्ये न्या. एस. जे. काथावाला यांनी तो व्हिडिओ उतरवायला सांगितला. मुळात वेगळ्या जातीची दोन तेलं एका पारड्यात घातली गेली होती, आणि लाखो लोकांपुढे बोलणाऱ्यानं आधी पुरेशी खातरजमा करायला हवी, असा न्यायालयाचा सूर होता. वाद पुढे अपिलातही गेला.

प्रोटीनच्या डब्यांबद्दलची शंका मात्र बिनबुडाची नाही. यकृततज्ज्ञ डॉ. सिरिअॅक अॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी बाजारातली ३६ प्रोटीन उत्पादनं तपासली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती आतल्या मालाशी जुळली नाही.

शेजारच्या जिमवाल्यानं खोटं पसरवलं, तर दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दुसऱ्याच्या माल-सेवेची खोटी निंदा ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. पण प्रतिस्पर्धी हा ग्राहक नव्हे, म्हणून ग्राहक आयोगाचं दार त्याला सहसा उघडत नाही. पूर्वी अशा तक्रारींसाठी मक्तेदारी आणि निर्बंधकारक व्यापारी प्रथांचा (एमआरटीपी) आयोग होता. तो कायदा २००९ मध्ये गेला. उरतं दिवाणी न्यायालय, नाहीतर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्यात ‘बोललो ते खरं’ हा बचाव पुरतो. फौजदारीत ते लोकहितासाठी बोललो, हेही दाखवावं लागतं. ‘मेंबर तोडायचे होते’ यात लोकहित कुठून काढणार?

बदनामीची ओरड करणाऱ्यांनी आपलं पावतीबुकही उघडून ठेवावं. वर्षभराची फी आगाऊ घ्यायची, पावती द्यायची नाही, ट्रेनर सोडून गेला की ‘नो रिफंड’च्या पाटीकडे बोट दाखवायचं, हे सर्रास चालतं. बिल न देणं आणि सदोष सेवेचे पैसे परत न करणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायद्यानंच अनुचित ठरवल्या आहेत. नाव मोठं असलं म्हणजे आगाऊ पैसा सुरक्षित, असंही नाही. १९३२ साली मुंबईत सुरू झालेलं तळवलकरांच्या जिमचं नाव शेअर बाजारापर्यंत पोचलं, आणि २०१९ मध्ये कंपनीची देणी थकली.

चिडलेल्या मेंबरनं गूगलवर एक तारा दिला, म्हणून त्याला वकिलाची नोटीस धाडणारे चालक आहेत. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की खांडबाऱ्याच्या मेंबरला तक्रारीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. राहत्या ठिकाणच्या, म्हणजे नंदुरबारच्या जिल्हा आयोगाकडे तो दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. त्यामुळे मेंबरशिपचा एक पानी मराठी फॉर्म व्यायामशाळाचालकांच्या या संमेलनानं आजच ठरवावा: फी किती, मुदत किती, आजारपणात किती दिवस गोठवता येईल, सोडल्यास किती परत. सप्लिमेंट विकणाऱ्यांनी प्रत्येक डब्याचा बॅच क्रमांक बिलावर घालावा.