आपली तड आपणच बुजवणारा चुना



बाभळीला कुऱ्हाडीचा घाव बसला की डिंक येतो आणि घाव बुजतो. हौदाच्या भिंतीलाही असे साधले तर? हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठात काँक्रीटमध्ये जिवाणू घालून असे प्रयोग झाले आहेत. तडीत पाणी शिरले की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करतात. पण आपला चुना हे काम थोड्याफार प्रमाणात पूर्वीपासून करतो. धुळ्याकडील पांझरेवरचे जुने फड बंधारे दगड-चुन्याचेच आहेत.

हे घडते कसे? दर्जांमध्ये थोडा मोकळा चुना शिल्लक असतो. तडीत झिरपलेल्या पाण्यात तो विरघळतो, हवेतील कर्बवायूशी मिळून त्याची चुनखडी होते आणि तड भरते. मात्र तड केसाएवढी बारीक हवी. नख शिरेल अशी तड आपणच बुजवावी लागते.

आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या चुन्याच्या बांधकामावर नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा केला, तर तो सुटतो आणि आत ओल कोंडते. म्हणून चुन्याला चुन्यानेच सांधावे.

नुसता चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. पूर्वी त्यात विटांची सुरखी घालीत. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी बारीक राखही तेच काम करते. राख कोरडी, पिठासारखी घ्यावी. तळ्यातली जाडीभरडी नको.

आता कृती. आधी गळती तपासा. भरलेल्या हौदाशेजारी भरलेली बादली ठेवा. सकाळी बादलीपेक्षा हौदाची पातळी जास्त उतरली असेल, तर हौद गळतो. हौद रिकामा करून तड खरवडा, धुवा, ओली ठेवा. विरवलेला चुना, राख आणि धुतलेली वाळू समान भाग घेऊन चांगले मळा व तडीत दाबून भरा. वर ओले गोणपाट टाकून किमान दोन आठवडे ओल राखा. घाईने पाणी भरू नका.

कळीचा चुना विरवताना तो पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळे जपा, तोंडाला फडके बांधा, मुलांना दूर ठेवा.

भिंत खचत असेल किंवा तड दरवर्षी रुंदावत असेल, तर पाया बघा. तिथे चुना पुरणार नाही, जाणत्या गवंड्याला बोलवा. बाकी बारीक तडींची डागडुजी उन्हाळ्यातच उरका. हौदातले वाचलेले पाणी केळीच्या, कपाशीच्या मुळाशी जाईल.